फिनिशिंग

आत्याला बँकेच्या केवायसीसाठी पासपोर्ट साइझचे फोटो हवे होते, म्हणून नागपुरातल्या बर्डीवरच्या एका गल्लीतल्या स्टुडिओत आम्ही दोघं शिरलो. पाच मिनिटांचं काम. पोरानं तिला स्टुलावर बसवलं, हनुवटी जरा खाली घ्यायला लावली, फटकन दिवा उडाला आणि तो संगणकाकडे वळला. आम्ही बाकावर बसून भिंतीवरची नवरा-नवरींची जोडपी बघत राहिलो. थोड्या वेळानं त्यानं आठ फोटोंचा कागद लिफाफ्यात घालून दिला. आत्यानं तो तिथंच बाहेर काढला. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर वह्या तपासलेली बाई, न तपासता काही घेत नाही. चष्मा सारखा केला, कागद उजेडात धरला आणि विचारलं, "बाबू, हे कोन होय?"

"तुम्हीच आहे न मॅडम."

"मंग माही रेघ कुठं गेली?"

आत्याच्या कपाळावरून, केसांच्या कडेपासून डाव्या भुवईच्या आतल्या टोकापर्यंत एक रेघ उतरते. ती फोटोत नव्हती. तिची डावी नाकपुडी उजवीपेक्षा जराशी जाड आहे, वरच्या अंगाला एक बारीक खळी आहे. फोटोत मात्र पोरानं उजवी नाकपुडी उचलून, उलटी करून डावीकडे बसवली होती. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या. "फिनिशिंग करून दिलं," तो म्हणाला, "त्याचे वेगळे पैसे नाही लागत." त्याला मनापासून वाटत होतं की आपण बाईंवर उपकार केलेत. सगळेच डाग काढून मागतात, ठेवा म्हणणारं आजवर कोणी आलं नाही, हेही त्यानं सांगितलं. आत्या म्हणाली, "मी म्हणून राह्यली न. जशी आहो तशी दे." त्यानं दिली, पण देताना माझ्याकडे असं पाहिलं की घरी म्हातारीला जरा समजावा. गंमत म्हणजे मलाही क्षणभर तो पहिलाच कागद ठेवून घ्यावासा वाटला होता. मी तो मागितला नाही, एवढंच.

हे सगळं सुरू झालं चमकीपासून. म्हणजे आमच्या घरात तरी तसंच मानलं गेलं. आत्याच्या डाव्या नाकपुडीत लग्नातली एका खड्याची चमकी होती आणि तिच्या अगदी शेजारी, गालाकडच्या घडीत, एक काळा ठिपका होता. तो कधी आला ते कोणालाच धड सांगता येत नव्हतं. आजी असेपर्यंत त्याचं खापर सोनारावर फुटत राहिलं. त्यानं सोन्यात भेसळ केली म्हणून पोरीचं नाक काळं पडलं. वर्षानुवर्षं इतवारीतून जाताना आजी त्या दुकानाकडे बघून तोंड फिरवायची. ठिपका दुखत नव्हता. खाजवत नव्हता. फक्त आंघोळीनंतर टॉवेलनं तोंड पुसताना कधी त्यातून रक्ताचा थेंब यायचा, मग खपली धरायची, खपली पडायची, परत थेंब. हळद-तूप लावून झालं. मेडिकल स्टोअरमधली ट्यूब लावून झाली. एका डॉक्टरांनी चामखीळ आहे म्हणून सांगितलं. ठिपक्याची कड मात्र चमकायची, तेल लावल्यासारखी, आणि लग्नाच्या फोटोत चमकी आणि ती कड दोन्ही एकदमच उजळायच्या. लहानपणी मला वाटायचं आत्याला दोन चमक्या आहेत.

शेवटी ते ओळखलं गेलं तेही आडवळणानं. आत्या नातवाच्या घामोळ्या दाखवायला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेली होती. डॉक्टरीणबाईंनी पोराची पाठ पाहिली, पावडर लिहून दिली आणि मग पेन तसंच हातात धरून म्हणाल्या, "आणि आजी, तुमच्या नाकावर हे किती दिवसांपासून आहे?" भिंग लावून पाहिलं, कडेचा कणभर तुकडा काढून तपासायला पाठवला. बेसल सेल कार्सिनोमा.

त्वचेच्या बाहेरच्या आवरणाच्या तळच्या थरातून निघणारा हा कॅन्सर जगात सर्वांत जास्त आढळतो, पण गोऱ्या लोकांच्या देशांत. आपल्या कातडीतला रंग उन्हापासून बराच बचाव करतो, म्हणून इकडे तो कमी. झालाच तर पुष्कळदा काळा रंग घेऊन येतो आणि तीळ, मस, चामखीळ म्हणून खपून जातो. तो शरीरात दुसरीकडे क्वचितच जातो. जागेवरच बसून हळूहळू कुरतडतो. आधी कातडी, मग कूर्चा म्हणजे नाका-कानातलं मऊ हाड, सोडून दिला तर खरं हाडसुद्धा. हे कळल्यावर घरातल्या प्रत्येकानं आत्याची समजूत काढायचा सपाटा लावला. यात जिवाला धोका नसतो, हा त्यातल्या त्यात चांगला कॅन्सर आहे, असं फोनवर फोन. काटोलहून आलेल्या दिरानं तेच परत सांगितलं तेव्हा ती चहाचा कप ठेवत म्हणाली, "इतका चांगला आहे तं तुम्हीच घेऊन जा भाऊजी, संत्र्याच्या पेटीत बांधून देतो."

काढायचा कसा, हा प्रश्न सोपा होता. भरायचं कसं, हा अवघड. डोळ्यांना दिसतो त्याच्या पलीकडे काही मिलिमीटर निरोगी दिसणारी कातडीही काढावी लागते, कारण हा आतून मुळ्या पसरतो. म्हणून डॉक्टरांनी दोन टप्पे केले. आधी काढलं, खड्ड्यावर ड्रेसिंग ठेवलं, आणि कडा चारी बाजूंनी स्वच्छ असल्याचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येईपर्यंत थांबले. त्या मधल्या दिवसांत ड्रेसिंग बदलताना मी एकदा तिथं होतो. मी बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि बघितलं. नाकपुडीची कडच नव्हती. एका बाजूनं नाकाची आतली भिंत दिसत होती, लाल, ओली, श्वासागणिक किंचित हलणारी. माणसाचा चेहरा किती थोड्याशा कातडीवर उभा असतो, हे मला माहीत नसतं तर बरं झालं असतं.

सर्जननं कोऱ्या कागदावर नाक काढून समजावलं. छोटी जखम असती तर सरळ टाके घातले असते. उथळ असती तर कानामागची कातडी आणून चिकटवली असती. पण इथं कडच गेल्यामुळे तीन गोष्टी लागणार. आतलं अस्तर, मधे आधार, वर कातडी. आधाराला कानाच्या खळगीतली कूर्चा. ती काढली तरी कानाचा आकार बिघडत नाही. आणि वरची कातडी कपाळाची, कारण रंगानं आणि पोतानं नाकाला तीच सगळ्यात जवळची. ती पूर्ण तोडायची नाही. भुवईच्या आतल्या टोकाजवळून एक धमनी वर कपाळात जाते, तिच्यासकट बोटभर रुंदीचा पट्टा तिथं जोडलेलाच ठेवायचा, आणि वरचं टोक खाली फिरवून नाकावर शिवायचं. नवीन जागेवर रक्त मिळायला लागेपर्यंत, म्हणजे साधारण तीन आठवडे, तो पट्टा कपाळापासून नाकापर्यंत तसाच राहणार. मग कापायचा. आतोबांनी खर्च विचारला. मी धोके विचारले. आत्यानं एकच विचारलं, "कुंकू लावता येईल नं?" सर्जन जरा थांबले, तिच्या दोन भुवयांच्या मधे बोट ठेवलं, ते बोट पट्ट्याच्या मुळापासून केसभर बाजूला होतं, आणि म्हणाले, "तीन आठवड्यांनी. जागा सोडतो तुमच्यासाठी."

धंतोलीतल्या त्या दवाखान्याच्या जिन्यात आम्ही सकाळपासून बसून होतो. कूलरचा ओला वाळ्याचा वास, फिनाइलचा वास, आणि कोणीतरी डब्यातून आणलेल्या वांग्याच्या भाजीचा. आतोबांच्या शर्टाच्या खिशात चमकी होती. ऑपरेशनआधी साबण लावून लावून नर्सनं ती काढली होती, कापसात गुंडाळली होती, आणि ते दर थोड्या वेळानं खिसा चाचपत होते. वाट बघताना डोक्यात भलतंच येतं. माझ्या डोक्यात कावसजी नावाचा एक मराठा आला. 1792 मध्ये टिपूविरुद्धच्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा, टिपूच्या लोकांच्या हाती सापडला आणि नाक आणि एक हात गमावून परत आला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका वीटभट्टीवाल्या जातीच्या माणसानं त्याचं नाक बसवलं. त्या कारागिराचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही. बघायला आलेल्या इंग्रज डॉक्टरांची नावं मात्र आहेत, आणि ती हकीकत ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या एका मासिकात चित्रासकट छापून आली. ती वाचून तिथल्या कार्प्यू नावाच्या सर्जननं बरीच वर्षं विचार केला आणि 1814 मध्ये स्वतः तसं ऑपरेशन केलं. पुण्याच्या माणसाची पद्धत अशी: मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून बघायचा, मग तो सपाट करून कपाळावर ठेवून कडेनं रेघ मारायची, तेवढी कातडी सोडवून दोन डोळ्यांच्या मधे चिंचोळी जोडलेली ठेवायची आणि फिरवून खाली आणायची. जोडावर पाण्यात भिजवलेला काथ फासलेल्या कापडाच्या चिंध्या. चार दिवसांनी तुपात बुडवलेलं कापड. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास जोड कापायचा. त्याच्याही कितीतरी शतकं आधी सुश्रुतानं गालाची कातडी घेताना मापाला झाडाचं पान घ्यायला सांगितलंय.

सर्जन बाहेर आले तेव्हा मी धीर करून विचारलं, माप कशानं घेता. त्यांनी खिशातून नाही, पण हातवारे करून दाखवलं: टाक्यांच्या दोऱ्याचं पाकीट असतं ना, त्याच्या आतली चांदीसारखी फॉइल. ती कापायची, नाकावर वळवून बसवायची, सपाट करून कपाळावर उलटी ठेवायची, पेननं रेघ मारायची. पान, मेण, फॉइल. मला एकाएकी फार भूक लागली.

पुढे आत्याला हे सांगितलं तर तिनं मास्तरीण होऊन उलटतपासणी घेतली. बैलवाल्याला पेन्शन मिळाली का? तो मराठा, तर कावसजी नाव कसं? त्या भट्टीवाल्याला कोणी शिकवलं? मला एकाचंच उत्तर येत होतं (इंग्रजांकडून त्याला पेन्शन होती). मग मी आपल्या गावाची बढाई मारली, की देशातला प्लास्टिक सर्जरीचा पहिला स्वतंत्र विभाग 1958 मध्ये आपल्या नागपूरच्या मेडिकल कॉलेजमध्येच सुरू झाला, डॉ. सी. बालकृष्णन यांनी केला. त्यावर तिचं म्हणणं, "1958 मध्ये मी पाळण्यात होती. माह्यासाठीच केला असंन."

ते तीन आठवडे मात्र बढाईचे नव्हते. कपाळापासून नाकापर्यंत एक जाड मांसाचा पट्टा, त्याच्या मागच्या बाजूनं सारखं पाझरणारं पाणी, त्यावर गुंडाळलेली व्हॅसलीनची जाळी, आणि दुपार झाली की त्याचा कच्चा, गोडसर वास. नातू पहिल्या दिवशी दारातच थबकला आणि मग म्हणाला, "आजी, तुले सोंड आली." घरात सगळे गप्प. आत्या म्हणाली, "हाव. आता मोदक आण." त्यानंतर त्या पोराला काहीच वाटेनासं झालं. मोठ्यांचं मात्र काही केल्या जमेना. भेटायला येणारे पंख्याकडे बघून बोलायचे, कॅलेंडरकडे, आतोबांकडे. एक लांबची मावशी तर आत्याशी बोलायचं ते सगळं माझ्याकडे बघून बोलली. गेल्यावर आत्या म्हणाली, "नकटीच्या लग्नाले सतराशे विघ्नं, हे तिच्या ओठावर आलतं पाह्य. गिळलं बिचारीनं." चष्मा लावता येत नव्हता, कारण जिथं तो टेकतो तिथंच पट्टा. तिला पेपर वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं आणि ती निधनवार्तांपासून सुरू करायला लावायची.

एका दुपारी नाकावर माशी बसली. आत्यानं हात उचलला आणि कपाळ झटकलं. माशी नाकावरच. तिनं परत कपाळ झटकलं. नाकावरची ती कातडी अजून कपाळाच्याच नसांना जोडलेली होती, त्यामुळे तिथं काही लागलं की जाणवायचं ते कपाळावर. आम्ही मग खेळच केला. ती डोळे मिटायची, नातू कापसाची काडी नव्या नाकपुडीला लावायचा, आणि ती कपाळावर बोट ठेवून दाखवायची, इथं, आता इथं, जरा डावीकडे. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा पोट धरून हसली आणि टाके ताणले म्हणून शिव्याही दिल्या.

पट्टा कापल्यावर सगळं संपेल असं आम्हाला वाटलं होतं. संपलं नाही. कपाळाची कातडी नाकापेक्षा जाड, शिवाय सूज. नवीन नाकपुडी सुरुवातीला चांगलीच फुगलेली दिसत होती. कपाळाचा वरचा भाग टाक्यांनी पूर्ण मिटत नव्हता म्हणून तो तसाच उघडा ठेवून आपोआप भरू दिला होता. सर्जन म्हणाले, वर्षभर घाई करू नका, रोज मालिश करा, कातडी बसत जाते. ती बसत गेली. पण आता कपाळाचा धागा तुटल्यानं नाकपुडीला काहीच कळेना. आतोबांना सावजी रस्सा लागतो, रविवारी मटणाचा तांबडालाल तर्रीचा वाडगा समोर येतो, आणि पहिल्या दोन घासांतच आत्याचं नाक वाहायला लागतं. तिला पत्ताच नसतो. पंगतीत आतोबा काही बोलत नाहीत. नुसतं स्वतःच्या डाव्या नाकपुडीला बोट लावतात, ती पदर लावते, आणि दोघं जेवत राहतात. आता थोडी जाणीव परत आली आहे, तरी ते बोट लावणं राहिलंय. मटण नसतानाही.

मग उन्हाळा आला. आपल्याकडे मार्च संपला की शहरातून चेहरे नाहीसे होतात. स्कूटीवरच्या पोरींपासून कॉटन मार्केटातल्या भाजीवाल्यांपर्यंत ज्याला त्याला दुपट्टा, गमछा, टोपी, गॉगल. बहीण समोरून गेली तरी ओळखू येत नाही. व्रणावर ऊन लागलं तर तो काळा पडतो आणि ज्या उन्हानं हे सगळं होतं त्याच्यापासून यापुढे जपलंच पाहिजे, म्हणून डॉक्टरांनीही तोंड झाका, क्रीम लावा असं बजावलं होतं. आत्या झाकायची. आणि नेमकं तेव्हाच तिला पहिल्यांदा फार चीड आली. लोकांना वाटतं मी नाक लपवून राह्यली, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, अख्खं नागपूर झाकून फिरतंय, तुझ्याकडे कोण बघतं. ती म्हणाली, "त्यांचं उन्हासाठी हाय हे सगळ्याइले मालूम आहे. माह्यं कशासाठी हाय ते लोक आपल्या मनानं ठरवते." म्हणून ती सावलीत आली की लगेच दुपट्टा सोडायची. दुकानात, लिफ्टमध्ये, देवळाच्या मंडपात, पहिलं काम ते. लोक दचकायचे. दचकू दे.

स्टुडिओतल्या पोराचं मला म्हणून वाईटही वाटतं. सर्जननं तासन् तास राबून, वर्षभर वाट बघून जे साधलं, ते त्यानं दोन मिनिटांत, फुकटात, जास्त सफाईनं करून दिलं होतं. आम्हा नातेवाइकांना आतून तेच हवं होतं. कडा स्वच्छ आल्या, नाक उभं राहिलं, आता काही झालंच नव्हतं असं धरून चालू. सर्जननं मात्र तसं वचन कधीच दिलं नव्हतं. ते म्हणाले होते, बोलताना समोरच्याची नजर अडखळणार नाही इतपत करून देतो. आणि माझी गोची आणखी वेगळी आहे. जुन्या अल्बममध्ये चमकी आणि शेजारची ती चमकणारी कड दिसली की मला भरून येतं. माझ्या आठवणीतली आत्या त्या ठिपक्यासकट आहे. जे तिचं नाक खात होतं त्याच्यावरच माझा जीव आहे, हे कोणाला सांगणार? आत्याला सांगितलं तर ती म्हणेल, पॅथॉलॉजीवाल्यांकडे विचार, उरला असंन तं.

राहिली चमकी. नव्या नाकपुडीला छिद्र पाडायला सर्जननी साफ नाही म्हटलं. आत कानाची कूर्चा आहे, तिला डिवचायचं नाही. आतोबांचा चेहरा उतरला, आत्याचा नाही. तिनं उजवी बाजू टोचायची परवानगी काढली, इतवारीत गेली, आजीनं ज्या दुकानावर इतकी वर्षं राग धरला त्याच दुकानात, आणि तिसऱ्या पिढीच्या सोनाराकडून टोचून घेऊन टोचणावळीत घासाघीसही केली.

परवा मानेवाड्याकडच्या एका लॉनवर लग्न होतं. जेवणाच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या एक बाई मागे वळून आत्याकडे बघत होत्या. मी मनात तयारीत होतो. त्या म्हणाल्या, "तुम्ही साउथकडच्या का हो? चमकी उजवीकडे आहे म्हणून विचारलं."

"नाही वो, मी काटोलची. इकडचं नाक नवीन आहे, त्याले टोचू देत नाही डॉक्टर." आणि ताट काखेत धरून आत्यानं सगळं सांगितलं. ठिपका, कपाळ, सोंड, कान, सगळं. बाई ऐकता ऐकता हळूहळू पुढे सरकायच्या थांबल्या. ताट खाली ठेवलं, कानाजवळचे केस मागे सारले आणि मान वळवली. "हे पाहा बरं जरा. माझी सून म्हणते तीळ आहे."

आत्यानं पर्समधून चष्मा काढला. "टॉवेलनं पुसता तवा रक्त येते का?"

मागून कोणीतरी ओरडलं, "अवो काकू, रांग पुढं घ्या न, पुऱ्या संपून राह्यल्या!"